सोयाबीम

पोरीच्या लग्नाची शूटिंग आली ती एकच फाईल, 6 जीबीची. शूटिंगवाल्यानं त्याची हार्डडिस्क एका दिवसासाठी दिली, उद्या वापस पाहिजे म्हणे. आमचा कॉम्प्युटर दारव्ह्याहून सेकंडहँड घेतलेला, सी ड्राइव्ह केव्हाचा फुल्ल, म्हणून म्हटलं टाकू डी मध्ये, तिथं 31 जीबी मोकळे होते. तर तो म्हणतो, फाईल फार मोठी आहे. आता 31 मोठे का 6 मोठे हे मी दोनदा बोटावर मोजलं. आमची ही म्हणाली, "राहू द्या, तुम्हाले सोयाबीनचा हिशेब नाही जमत."

नागपूरच्या भाच्याला फोन लावला.

"मामाजी, जागेचा प्रश्न नाही, ड्राइव्ह फॅट32 हाय तुमचा, म्हणजे फायली मांडून ठेवाची एक पद्धत."

"मंग?"

"एक फाईल 4 जीबीच्या आतच पाहिजे त्याले."

म्हणजे गोडाऊन रिकामं, पण वहीत पोत्याचं वजन लिहायचा रकानाच छोटा, त्यात मोठा आकडा मावत नाही म्हणून पोतं बाहेर. खरंच असंच आहे ते, फाईलचा आकार लिहायला त्यात 32 बिटच ठेवले आहेत. भाचा म्हणे जुनं झालं ते आता, एनटीएफएस पद्धत करा, नवीन असते. मी नंतर वाचलं तर एनटीएफएस 1993 ची आणि फॅट32 1996 ची. नवीन म्हणून घेतली ती जुन्याहून 3 वर्षं म्हातारी निघाली, पण म्हातारी कामाची, कारण ती काही फेरबदल करायच्या आधी वहीत टिपून ठेवते आणि लाइट गेली की वही पाहून निस्तरते. आमच्या गावात हा गुण मी जवायातही पाहिला असता.

फॉरमॅट मारायचं नाही, सगळं पुसलं जाईल, कन्व्हर्ट करायचं, असं त्यानं तीनदा बजावलं. आधी बॅकअप घ्या म्हणे. आधीच जागेचे वांधे, घेऊ कुठं? सातबाराचे स्कॅन आणि बाबूजींचे फोटो तेवढे मोबाईलमध्ये घेतले, बाकी देवावर.

काळी खिडकी उघडली, कन्व्हर्टची कमांड टाकली, तर कॉम्प्युटर विचारतो, ड्राइव्हचं नाव सांगा. पाहिलं तर नाव सोयाबीन, लहान्यानं कधीकाळी देऊन ठेवलेलं. टाकलं. नाव चुकलं म्हणे. पुन्हा टाकलं, एक एक अक्षर दाबून, शाळेत शुद्धलेखन लिहायचो तसं. चुकलं! शेवटी चष्मा लावून पाहिलं तर पोट्ट्यानं एन च्या जागी एम हाणलेला. सोयाबीम. तेव्हा मीही सोयाबीम लिहिलं आणि यंत्र खुश झालं.

आणि काम सुरू झालं तशी लाइट गेली.

यूपीएस टूं टूं करायला लागला. त्याची बॅटरी 5 मिनिटं पुरते, तीही थंडीत. अर्धवट कन्व्हर्ट झालेला ड्राइव्ह वही पाहूनही निस्तरत नाही एवढं भाच्यानं सांगून ठेवलं होतं. म्हणजे पंख्याशिवाय, अंधारात, मी आणि ही त्या आकड्याकडे पाहत, 40 टक्के, टूं, 60 टक्के, टूं टूं, हिनं तर गजाननाला नारळ बोलला. झालं बाप्पा एकदाचं. एवढी मोठी फाईल मग लाइट आल्यावर अशी गेली जशी पोरगी सासरी, मागं वळून न पाहता.

इथं थांबायचं होतं. पण हातात नवा विळा आला की बांधावरचं गवतही कापावं वाटते, तसा मी त्याच जोशात 32 जीबीचा पेनड्राइव्हही कन्व्हर्ट करून टाकला. रविवारी इवाई, इवाईन (म्हणजे व्याही, विहीण), सगळे सोयरे शूटिंग पाहायला यायचे होते. शनिवारी टीव्हीला लावून पाहिला तर टीव्ही त्याला ओळखच देईना.

"मामाजी, टीव्हीले फॅट32 च लागत असन."

"मंग फिरव ना बे उलटं!"

"उलटं नाही होत. फॉरमॅटच मारा लागते."

मधे एक्सफॅट म्हणून तिसरं स्थळ पाहिलं, 4 जीबीची अट नसलेलं, आमच्या टीव्हीनं तेही नापसंत केलं. शेवटी पेनड्राइव्ह पुसून पुन्हा फॅट32 केला (64 चा असता तर आमच्या विंडोजनं फॉरमॅटच्या खिडकीत हे नावही दाखवलं नसतं) आणि भाच्यानं फोनवरून सांगत फाईलचे बरोबर मधून दोन तुकडे करवले. 3 आणि 3.

रविवारी बैठकीत सतरंज्या, कूलर चालू, चहा फिरून झालेला. हळद झाली, वरात झाली, अंतरपाट धरला, शेवटची मंगलाष्टक, भटजींनी सूर लावला, शुभमंगल साव... आणि पडदा काळा. टीव्ही गपचूप फाईलच्या यादीवर जाऊन बसला. मी रिमोट शोधतो आहे, ही मला शोधते आहे, आणि इवाई बशीतला चहा संपवून म्हणतात, "मंग, लागलं का नाही लग्न?"