‘टेन्शन आम्ही घेत नाही, देतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सततच्या ताणावर मी लिहिलेल्या लेखाखाली आमच्या सोलापुरातल्याच एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली. थोडी कापून इथे देते:

“मॅडम, दीर्घ श्वास घ्या, सकाळी तळ्याभोवती चाला, आठ तास झोपा. काय सांगलालाव तुम्ही? वडील बारा तास मागावर उभे. आई घरी विड्या वळते. पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री कधी सुटेल नेम नाही. मंगळवारी गटाच्या कर्जाचा हप्ता. वडिलांचं बीपी 160 निघालं तर डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. तुम्ही पण तेच. टेन्शन आम्ही घेत नाही, देतात. ताणबिण ही बंगल्यात राहणाऱ्यांची थेरं आहेत.”

दादा,

बंगला नाही माझा. भाड्याच्या दोन खोल्या आहेत, आणि 22 वर्षं लॅबमध्ये लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढायची नोकरी. पण हे मी माझ्या बाजूचं म्हणून सांगत नाही. तुमची प्रतिक्रिया आल्यावर लेख पुन्हा वाचला आणि वरमले. ‘आठ तास झोपा’ असं मी अशा थाटात लिहिलंय, जशी झोप किराणा दुकानात मिळते आणि तुम्हीच हात आखडून पावशेर आणता.

तरी शेवटच्या वाक्यावर भांडायचं आहे. थेरं बंगलेवाल्यांची असतील, ताण नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमधल्या जवळपास 18 हजार पुरुषांवर 1967 पासून एक मोठा अभ्यास झाला. तेव्हा सगळ्यांची समजूत तुमच्यासारखीच होती: मोठ्या साहेबाच्या डोक्याला ताप जास्त, म्हणून हृदयविकार त्यालाच. निघालं उलटं. सगळ्यात खालच्या हुद्द्यावरची माणसं हृदयविकाराने साहेबांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात गेली. खालचे लोक सिगारेट जास्त ओढत होते हे खरं, पण सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरलाच. पुढच्या अभ्यासात त्याचं एक कारण सापडलं. काम किती आहे यापेक्षा, कामावर आपलं काही चालतं का, हे महत्त्वाचं. कधी थांबायचं, कसं करायचं, यातलं काहीच हातात नसलं की शरीर झिजतं. म्हणजे ‘देतात’ हा तुमचा शब्द शास्त्रालाही धरून आहे.

शरीरात काय होतं ते लेखात मी फार घाईत उरकलं होतं. रात्रपाळी सुटल्यावर सायकलवरून येताना कुत्रं मागे लागलं, असं धरा. छाती धडधडते, बीपी चढतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, रक्त गोठायला तयार राहतं (चावलंच तर रक्त थांबायला नको का!). पचन आणि दुरुस्तीची कामं तेवढ्यापुरती मागे पडतात. चौकात कुत्रं थांबतं आणि थोड्या वेळात सगळं खाली येतं. ही सोय उत्तम आहे. पण गटाचा हप्ता काही चौकात थांबत नाही. तो घरात येऊन बसतो. मग कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, जे पहाटे चढून मध्यरात्री तळाला जायला हवं, त्याची घडी बिघडते. साखर चढी राहते, बीपी खाली यायचं विसरतं, पोटावर चरबी धरते, झोप तुटते. तुटलेल्या झोपेने पुन्हा बीपी.

यातली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट जखमेची. 1995 मध्ये अमेरिकेत 13 बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी जखम मुद्दाम केली. या सगळ्या घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करणाऱ्या. तशाच वयाच्या, पण हा भार नसलेल्या आणखी 13 जणींना तीच जखम केली. भार नसलेल्यांची सरासरी 39 दिवसांत भरली, सेवा करणाऱ्यांची 48 च्या पुढे. नऊ दिवस! पायाची जखम भरत नाही म्हणून साखर तपासायला येणाऱ्या बायकांना मी हल्ली ‘घरी आजारी कोण आहे’ हेही विचारते. रिपोर्टवर त्याला रकाना नाही.

आणि माझी एक चूक, जी तुम्ही पकडली नाहीत. ‘ताणामुळे अल्सर होतो’ असं मी ठोकून दिलं होतं. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा अंगदुखीच्या गोळ्या सतत खाल्ल्याने होतात. तो जंतू ज्या दोघांनी शोधला त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. जंतू सापडण्याआधी कैक वर्षं पोट धरून आलेल्याला ‘टेन्शन घेऊ नका’ सांगूनच परत पाठवत होते. तेव्हा ताणाच्या डोक्यावर सगळंच फोडायचं नाही.

आता वडील. 160 हा आकडा कसा मोजला ते विचारा. जिना चढून, रांगेत ताटकळून, तोंडात मावा असताना मोजलेलं बीपी खरं नसतं. अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, मग मोजायचं. असं वेगवेगळ्या दिवशी मोजूनही चढंच आलं तर गोळी लागेल, आणि सुरू झालेली गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करायची नाही. श्वास हा गोळीच्या जागी नाही. पण श्वासाला थेरंही म्हणू नका. मिनिटाला सहाच्या आसपास, सोडताना जास्त लांब, असा श्वास पाच मिनिटं घेतला की नाडी उतरते. हे नाडीवर बोट ठेवून बघता येतं, फुकट आहे. पाळी सुटल्यावर घरात शिरायच्या आधी पायरीवर बसून करू देत. मागाचा खडखडाट कानातून जायलाही वेळ लागतोच.

चालण्याबद्दल मात्र माझं चुकलंच. बारा तास उभ्या माणसाला सिद्धेश्वर तळ्याला फेऱ्या मारायला सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला आंघोळ सांगणं. त्यांनी पाय उशीवर वर घेऊन पडावं. चालायचंय ते आईंनी. मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली घालून बसतात त्या. विड्या जमा करायला जाताना रिक्षाऐवजी पायी गेल्या तरी पुष्कळ. एकाच घरात दोघांना दोन औषधं, हे लेखात सुचलं नव्हतं.

माव्याचं थोडक्यात: ‘मावा टाकला की डोकं शांत होतं’ असं वाटतं ते निकोटिनची तलफ भागते म्हणून. ती तलफ आधीच्या माव्यानेच लावलेली असते, आणि शांत वाटत असताना नाडी-बीपी वरच जात असतं. चहाचं, रात्री झोपायचं असेल तर दुपारनंतर आवरतं घ्या. पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं.

पाणी. आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं. पूर्वी पाण्याच्या रात्री सहाही घरं जागी, कान नळाकडे. दीड वर्षापूर्वी आम्ही पाळी लावली: एका रात्री एकच घर जागं राहणार, नळ सुटला की बाकीच्यांची कडी वाजवणार. पाणी तेवढंच येतं, त्याच अवेळी येतं. पण सहातल्या पाच वेळा मी कडी वाजेपर्यंत गाढ झोपते. पहिल्या महिन्यात दोनदा भांडणं झाली, एकजण वाजवायचं विसरला. तरी टिकलंय. आज माझी पाळी, म्हणून तर एवढं लांब लिहितेय.

हप्त्यावर मी काय बोलणार? एक अभ्यास सांगते. तामिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी कापणीआधी, हातात पैसा नसताना घेतली, आणि कापणीनंतर पुन्हा. माणसं तीच, पण पैसा आल्यावर गुण चांगले. चणचण डोक्यातली जागाच खाते. म्हणून नव्या कर्जावर सही हप्त्याच्या आदल्या रात्री नको, मजुरी हातात आलेल्या दिवशी, सगळी कर्जं एका कागदावर लिहून करा. कागदाने कर्ज फिटत नाही. पण रात्री दोन वाजता डोक्यात बेरीज करायची वेळ येत नाही.

बाकी मजुरी, कामाचे तास, घर यांवर व्यायाम नाही, हे मान्य. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची 10 हजार घरं उभी राहिली ती दीर्घ श्वास घेऊन नव्हे, वर्षानुवर्षं संघटना आणि मोर्चे करून. भाड्याची काळजी गेल्यावर त्यातल्या कितीजणींचं बीपी उतरलं, हे कुणी मोजायला हवं होतं.

आणखी एक. वडील गप्प गप्प राहत असतील, जेवण-झोप तुटली असेल, ‘मी नसलो तर बरं’ असं काही बोलले असतील तर ते हसण्यावारी नेऊ नका. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. छातीत दुखून घाम फुटला तर मात्र फोन-श्वास काही नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

अल्सरचं वाक्य उद्या लेखातून काढते. ‘आठ तास झोपा’ तेवढं ठेवते, खाली तुमची प्रतिक्रिया जोडून. वडिलांचं बीपी बसवून मोजलंत की आकडा कळवा.

नळ सुटला. कड्या वाजवायला जाते.