शेळीमागे 15,000? मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

'शेळीमागे 15,000 रुपये, मधमाशांच्या पेटीमागे 5,000. सरकारची तातडीची मदत. पंचनामा नको, मेलेलं जनावर लगेच पुरा, फक्त लिंकवर फॉर्म भरा.' हा मेसेज सिन्नरकडच्या माझ्या आत्याला नेमका वीज पडून शेळ्या गेल्या त्याच दिवशी आला. ती खड्डा खणायला माणूस शोधत होती. म्हणून एवढं लिहितोय.

पुरण्याचंच आधी बोलू, कारण नुकसान तिथं आहे. जनावर कशाने मेलं हे कागदावर आलं, तरच आपत्तीची मदत मिळते. तलाठ्याला कळवायचं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, असो), सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरला बोलवायचं, शवविच्छेदन आणि पंचनामा होऊ द्यायचा, मग पुरायचं. आधीच पुरलं तर डॉक्टर काय, माती तपासणार? फोटो काढून ठेवा, कानातला ओळख क्रमांकाचा बिल्ला दिसेल असा. बिल्ल्याचं तर मेसेजात नावच नाही. बिल्ला नसलेलं जनावर नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मेलं तर भरपाई नाही, असा राज्याचा आदेश 2024 सालचा आहे. 'शेळ्यांना कुठं बिल्ले मारत बसायचं' म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. आत्याने मारून घेतले होते, नशीब.

आता 15,000. हा आकडा अगदीच हवेतला नाही, एवढं नाइलाजाने मान्य करतो. बिबट्याने शेळी मारली तर वनविभाग बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000, यातली कमी रक्कम देतो. निफाड-सिन्नरच्या लोकांना हे ठाऊक आहे. पण वीज, पूर, गारपीट यांचा हिशेब वेगळा. केंद्राचे आपत्ती मदतीचे 2022-23 ते 2025-26 साठीचे निकष काढून बघा: दुभती गाय-म्हैस 37,500, ओढकामाचा बैल 32,000, शेळी-मेंढी 4,000, कोंबडी 100. शेळीचे 4,000 म्हणजे थट्टाच आहे. चांगली शेळी या पैशात बाजारात मिळत नाही. पण त्या रागापोटी खोटा आकडा खरा होत नाही.

पेटीमागे 5,000? त्याच निकषांत रेशीम आहे, मधमाशा नाहीत. कांद्याच्या डोंगळ्यात (बियाण्याच्या कांद्याच्या फुलोऱ्यात) पेट्या ठेवणाऱ्याच्या मधमाशा शेजारच्या फवारणीने मेल्या, तरी या यादीत त्याच्यासाठी ओळ नाही. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत 50 टक्के अनुदान मिळतं, पण ते धंदा उभा करायला. भरपाई आणि अनुदान एकाच पोत्यात कोंबून मेसेज शिवलाय.

लिंकबद्दल काय सांगायचं! असल्या मेसेजातल्या अनोळखी लिंकवर आधार, खातं आणि ओटीपी मागून सरकार मदत वाटत नाही. ज्यांनी ओटीपी दिलाय त्यांनी आजच बँकेत जावं आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

आत्याचा पंचनामा झालाय. पैसे अजून आलेले नाहीत.