‘फाळक्यांनी कुठलं एम. ए. केलं होतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

वय बासष्ट आणि त्यातली तीस वर्षं हौशी रंगभूमीवर गेली, असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या माझ्या एम. ए.च्या वर्षावर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘संस्कृती, सर्जनशीलता आणि उद्योजकता’ या अभ्यासक्रमाच्या नावातच तुम्हाला खोट दिसते. कला रक्तात असावी लागते, धंदा ठेचा खाऊन येतो आणि या दोन्हींची पदवी विकणं ही फसवणूक आहे, असं तुमचं म्हणणं. त्यावर तुमचे तीन प्रश्न : फाळक्यांनी कुठलं एम. ए. केलं होतं? नारायणगावच्या तमाशाच्या फडमालकाला व्यवस्थापन कुणी शिकवलं? आणि एवढं शिकून कोल्हापुरी चप्पल तरी वाचली का?

प्रश्न मनापासून विचारलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

फाळक्यांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण, छपाई. हा माणूस आयुष्यभर शिकत राहिला. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले, तिथले चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं आणि कॅमेरा घेऊन परतले. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. म्हणजे शिकायला विलायतेला जाणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही. पण मला त्यांच्या आयुष्यातला पुढचा भाग जास्त छळतो. १९१८ साली त्यांनी भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली आणि थोड्याच काळात मतभेद होऊन ते बाहेर पडले. पुन्हा परतले, कामही केलं, पण १९४४ साली नाशिकला वारले तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं. त्यांची कला कुठेच कमी पडली नव्हती. पैसा एकाचा, कल्पना दुसऱ्याची, मग निर्णय कुणाचा? हा प्रश्न त्यांना छळला आणि आजही प्रत्येक नाट्यसंस्थेत तोच भांडणं लावतो. माझ्या अभ्यासक्रमाचा गाभा हाच होता. कला कशी करावी हे तिथे कुणी शिकवत नाही.

आता नारायणगाव. माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. आजोबा गावच्या यात्रा कमिटीत होते आणि दर वर्षी पाडव्याच्या सुमाराला चार पंचांबरोबर सुपारी द्यायला, म्हणजे यात्रेसाठी तमाशाचा खेळ ठरवायला, नारायणगावला जायचे. लहानपणी दोनदा मीही त्यांच्याबरोबर गेले. एकीला लागून एक राहुट्या, बाहेर फडाच्या नावाचे फलक, आत सतरंजीवर बसलेला फडमालक नाहीतर त्याचा मॅनेजर आणि समोर तारखांची वही. त्याच फडाचा भाव तिथीप्रमाणे बदलायचा. चैत्री पौर्णिमेच्या आसपास गावोगावी यात्रा, म्हणून त्या तारखा महाग. आजोबा आधी तिथी सांगायचे नाहीत. अगोदर वग (तमाशातलं नाट्य) कुठला, सोंगाड्या कोण, ढोलकीला कोण, हे विचारायचे आणि तिथी सगळ्यात शेवटी. घासाघीस कशी करावी हे मला लीड्सला शिकायला लागलं नाही. इथे तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते.

पण आजोबांची वही माझ्याकडे आहे. प्रबंधासाठी ती मी ओळ न ओळ वाचली. फडाचं नाव, तारीख, ठरलेली रक्कम, दिलेला विसार. बस्स. अवकाळी पाऊस आला आणि खेळ अर्ध्यावर मोडला तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. वैशाखात आमच्याकडे पाऊस येतोच. मग रात्री बारा वाजता चिखलात उभं राहून भांडण व्हायचं. बहुतेक वेळा फडमालक कमी पैशांवर समाधान मानायचा, कारण पुढच्या वर्षी त्याला याच गावाची सुपारी हवी असायची. त्याआधीच त्याने हंगामासाठी सावकाराकडून कर्ज उचललेलं, त्यातून कलावंतांना उचल दिलेली. मोठ्या फडात शंभरेक माणसं, ट्रक, कनात, जनरेटर. गावाची जोखीम एका रात्रीची आणि फडाची अख्ख्या हंगामाची. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण जोखीम ही मोजता येते, वाटून घेता येते, लिहून ठेवता येते, हे मला वर्गात बसल्यावर कळलं.

आणि मग २०२०. त्या वर्षीचा पाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. कर्ज घेऊन झालं होतं, उचल वाटून झाली होती आणि एकही यात्रा भरली नाही. पुढच्या वर्षीही तेच. ज्या धंद्याचा सगळा भार एकाच माणसाच्या खांद्यावर असतो, तो धंदा अशा वेळी कसा कोसळतो हे सांगायला आकडेवारी लागत नाही. ‘अनुभवाने येतं’ हे खरं, पण इतक्या महाग अनुभवानंतर शिकायची पाळी कलावंतांवरच का यावी?

आणखी एक गोष्ट सांगते. एका फडातल्या ताईंशी मी बोलत होते. त्यांच्या गवळणीचं मोबाईलवर केलेलं चित्रण कुणीतरी यूट्यूबवर टाकलंय, लाखो लोकांनी पाहिलंय. त्यांना एक पैसा मिळाला नाही आणि मिळायला हवा असं त्यांना वाटलंही नव्हतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रयोग करणाऱ्या कलावंताचा स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आहे. त्याच्या संमतीशिवाय प्रयोगाचं चित्रण करून ते विकता येत नाही आणि हा हक्क ५० वर्षं टिकतो. मी ते कलम त्यांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं.

जिथे तुमचा राग रास्त आहे तेही लिहिते. ब्रिटिश सरकारने १९९८ साली ‘सर्जनशील उद्योगां’ची व्याख्या केली, १३ क्षेत्रं ठरवली. ज्यातून बौद्धिक संपदा निर्माण होते आणि तिच्यातून पैसा व रोजगार होऊ शकतो, ते या व्याख्येत बसतं. त्यात सॉफ्टवेअरही घातलं, त्यामुळे एकूण आकडा फुगला अशी टीका तेव्हापासून होते आहे. लीड्समध्येच चॅपलटाउन भागात १९६७ पासून वेस्ट इंडियन कार्निव्हल निघतं. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांनी ते उभं केलं. महिनोन्‌महिने पोशाख शिवायचे आणि ऑगस्टमधल्या एका सोमवारी रस्त्यावर नाचत निघायचं. त्या मिरवणुकीला तिकीट नाही. तिची संपदा कुठल्या रकान्यात मांडणार? वर्गात यावर आम्ही कडाक्याने भांडलो. वाचनाच्या यादीत मराठी सोडाच, भारतीय रंगभूमीवरही काही नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. फी तर सामान्य घराला न झेपणारीच आहे. माझं शैक्षणिक कर्ज अजून फिटायचंय. म्हणूनच हा अभ्यास इथे, मराठीत, परवडेल अशा खर्चात व्हायला हवा असं मला तळमळीने वाटतं.

कोल्हापुरी चप्पल. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण ते मानांकन नावाला संरक्षण देतं, आकाराला नाही. गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या, नाव मात्र वापरलं नाही. जनहित याचिका झाली, ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिकाकर्ते नव्हते, ते मालक म्हणजे दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. चप्पल शिवणाऱ्या कारागिराला हा फरक आधी कुणी समजावून सांगितला होता का? माझा प्रश्न एवढाच आहे.

काका, सध्या मी फडमालक आणि यात्रा कमिटी यांच्यासाठी एका पानाचा करारनामा लिहिते आहे. भाषा वहीतलीच ठेवली आहे : सुपारी, विसार, उचल. पावसाचं कलम झालं आहे. खेळ किती झाल्यावर किती पैसे, हे दोन फडमालकांना विचारून ठरवलं. मोबाईलवरच्या चित्रणाचं कलम अडलंय. संमती फडमालकाची घ्यायची की प्रत्येक कलावंताची वेगळी, आणि पैसे आले तर ढोलकीवाल्याचा वाटा किती? तीस वर्षं तुम्ही प्रयोग उभे केलेत, नाइटचे पैसे वाटलेत. मसुदा पाठवला तर लाल पेन घेऊन वाचाल का?