फ्रँचायझीधारकाला सगळ्यात शेवटी कळवावे

आपल्या ब्रँडच्या शाखा वाटायला निघालेल्या उद्योजकांच्या सोयीसाठी काही अनुभवसिद्ध सल्ले येथे देत आहे. एका खाद्यपदार्थ साखळीची पुण्यातील चार दुकाने मी फ्रँचायझीधारक म्हणून, म्हणजे नाव कंपनीचे आणि खर्च माझा या बोलीवर, चालवतो, त्यामुळे या विषयात मला नाइलाजाने थोडा अधिकार प्राप्त झाला आहे. (साखळीचे नाव लिहीत नाही, कारण करारात ‘प्रतिमेस बाधा’ असे एक कलम आहे आणि तेवढे एकच कलम कंपनीच्या पक्के लक्षात असते.)

करारावर सही होईपर्यंत समोरच्याला ‘पार्टनर’ म्हणावे आणि सहीनंतर त्याचे फोन एरिया मॅनेजरकडे वळवावेत.

एरिया मॅनेजर सतत बदलत ठेवावा, म्हणजे आधीच्याने दिलेले तोंडी आश्वासन कोणालाच आठवत नाही.

रॉयल्टी, म्हणजे ब्रँडचे नाव वापरण्याचा मोबदला, विक्रीवर घ्यावी, नफ्यावर नव्हे. तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि 5 टक्के दराने कर भरणाऱ्या उपाहारगृहाला त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, ही गोष्ट परताव्याच्या रंगीत तक्त्यात दाखवू नये. सवलतीच्या योजना मुख्यालयात ठरवून आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकाव्यात. अमेरिकेत 2009 मध्ये बर्गर किंगने डबल चीजबर्गर एका डॉलरला विकायला लावला, तेव्हा तो बनवायलाच त्याहून जास्त खर्च येतो म्हणून तेथील फ्रँचायझीधारकांच्या संघटनेने कंपनीवर दावा लावला होता. आपण मात्र ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी व्यवस्था करावी, म्हणजे संघटनेचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता मुख्य उपाय. करारात फ्रँचायझीधारकाला संरक्षित क्षेत्र (जिथे ब्रँडचे दुसरे दुकान उघडणार नाही असा भाग) उदारपणे द्यावे, परंतु त्यात संरक्षण फक्त ‘दुकाना’पासून द्यावे. मग त्याच क्षेत्रात, एखाद्या इमारतीच्या तळघरात, केवळ डिलिव्हरीसाठी कंपनीचे स्वतःचे किचन सुरू करावे आणि त्याला त्याचा पत्ता लागू देऊ नये. मला ही बातमी गेल्या महिन्यात पार्सल न्यायला आलेल्या मुलाने दिली. “साहेब, ते खालच्या गल्लीतलं पण तुमचंच ना?” असे त्याने विचारले आणि मी अ‍ॅप उघडून पाहिले, तर माझ्या दुकानाच्या वरच तेच नाव, तेच फोटो आणि माझ्यापेक्षा कमी भाव! मुख्यालयाला मेल केला, तेव्हा ‘ब्रँडची पोहोच वाढल्याने अंतिमतः सर्वांचाच लाभ होतो’ असे उत्तर आले. कोणाचा लाभ? माझ्या संध्याकाळच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. भाडे, पगार आणि बँकेचा हप्ता जिथल्या तिथे आहेत. कोथरूडमध्ये या ब्रँडचे नाव कोणी ऐकले नव्हते, तेव्हा दारात उभे राहून फुकट चव देत गिऱ्हाईक मी जमवले. तेच गिऱ्हाईक तुम्ही उचलून नेले, आणि अ‍ॅपवरची वरची जागा विकत घेतलीत ती माझ्याच विक्रीतून कापलेल्या जाहिरात निधीतून!

असो, सल्ल्याकडे वळू. एकाहून अधिक दुकाने असलेल्या माणसासाठी करारात ‘क्रॉस डिफॉल्ट’ असावे, म्हणजे एका दुकानात करारभंग ठरला की सर्व करार रद्द करता येतात. एक दुकानवाला वैतागून निघून जाऊ शकतो. चार दुकानवाला कर्जाने आणि भाडेकरारांनी बांधलेला असल्यामुळे त्याच्याशी बोलण्याची गरज राहत नाही. अमेरिकेत सही करण्यापूर्वी किमान 14 दिवस फ्रँचायझी घेणाऱ्याला माहितीपत्र द्यावे लागते आणि त्यात नुकत्याच सोडून गेलेल्यांची यादीही असते. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही, 1872 च्या करार कायद्यावर भागते, तेव्हा निर्धास्त राहावे.

निर्धास्तपणाचा शेवट मॅकडोनाल्ड्सने उत्तर भारतात पाहिलेला आहे. 1995 पासूनच्या भागीदाराला 2013 मध्ये व्यवस्थापकीय संचालकपदावरून हटवले, जून 2017 मध्ये दिल्लीतील 43 रेस्टॉरंटे बंद पडली, ऑगस्टमध्ये 169 रेस्टॉरंटांचा करार रद्द झाला आणि तडजोडीला 2019 उजाडले. त्याच काळात पश्चिम आणि दक्षिण भारतात तोच बर्गर दुसऱ्या भागीदाराबरोबर सुरळीत विकला जात होता. म्हणजे खोट बर्गरमध्येही नव्हती आणि गिऱ्हाइकातही नव्हती.

आता सरळच बोलतो. एक फोन करायला तुमचे काय जात होते? विचारले असते, तर ते किचन मीच चालवायला घेतले असते आणि तुम्हाला रॉयल्टीही मिळाली असती. माझ्या गल्ल्यातला प्रत्येक रुपया त्याच क्षणी तुमच्या संगणकावर दिसतो आणि तुमचा माणूस गिऱ्हाईक बनून येऊन डोक्यावर टोपी नसलेल्या पोऱ्यापायी मला दंड लावतो. मी मात्र जाहिरात निधीचा हिशेब मागितला की तुम्ही वर्षानुवर्षे ‘ऑडिट सुरू आहे’ म्हणता. हा उर्मटपणा आहे, त्याला धोरण म्हणू नका. पाचव्या दुकानाचा प्रस्ताव घेऊन पुढच्या आठवड्यात तुमची माणसे येणार आहेत. त्यांच्या हाती त्या निधीचा हिशेब पाठवा, नाहीतर त्यांनाही पाठवू नका.