शॉट क्रमांक १४

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

वर्गातल्या प्रोजेक्टसाठी मी म्युझिक व्हिडिओ करतेय, त्याच्या प्लॅनिंगची फाइल आज सरांकडून तपासून परत मिळाली. ट्रीटमेंट (व्हिडिओ कसा असेल याचं वर्णन), स्टोरीबोर्ड (शॉट्सची चित्रं), शॉट लिस्ट (कुठल्या शॉटमध्ये काय, त्याची यादी), लोकेशनचे फोटो, संमतीपत्रं, सगळं होतं त्यात. दोन महिने रात्री जागून केलेलं काम. आणि पहिल्याच पानावर लाल शाईत एक ओळ : 'यात तरुणाई कुठे आहे? एनर्जी वाढव.'

चर्चेला बोलावलं तेव्हा सर म्हणाले, "गाणं तरुणांचं, करणारी तू तरुण, मग ते पोरगं म्हाताऱ्यासारखं जिन्यात का बसलंय? मित्र दाखव, गाडी दाखव, एखादी पार्टी टाक, निदान भांडण तरी." सगळे हसले. मी पण हसले, त्याचाच जास्त राग येतोय आता.

ते जिन्यात बसलेलं पोरगं म्हणजे माझा मामेभाऊ. वय १६. शॉट क्रमांक १४ मध्ये तो पायरीवर बसून कानाला फोन लावून काहीतरी ऐकतो. बाकी काही करत नाही. (त्याला विचारून लिहितेय हे. टाकायच्या आधी त्याने वाचलंय.)

तर तो शॉट कसा आला ते सांगते, कारण चर्चेत मला ते सांगताच आलं नाही. घसा दाटून आला आणि मी "हो सर, बघते" म्हणून बाहेर आले.

पहिल्या शॉट लिस्टमध्ये मी स्वतः काय लिहिलं होतं माहितीये? 'शॉट १४ : तरुण, फोनमध्ये डोकं खुपसून. मिड शॉट.' एवढंच. मी. जिने प्रोजेक्टचा विषयच 'म्युझिक व्हिडिओतलं तरुणांचं चित्रण' असा घेतलाय. जिने माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल वाचून वहीभर नोट्स काढल्यात की चित्रण हा आरसा नसतो, अर्थ तिथेच घडवला जातो, माध्यम समोर असलेलं नुसतं दाखवत नाही तर ते काय आहे हे ठरवतं. हे सगळं निबंधात लिहायचं आणि शॉट लिस्ट करायला बसल्यावर हात आपोआप 'फोनमध्ये डोकं' असं लिहून मोकळा होतो.

रिहर्सलच्या दिवशी भावाने ती ओळ वाचली आणि विचारलं, "ताई, मी काय बघतोय फोनमध्ये?"

मी म्हटलं, "काहीही बघ रे, स्क्रीन कुठे दिसणार आहे."

तो बरं म्हणाला. बसला. फोन काढला. मी फ्रेम लावली, फोकस बघितला, पुढच्या शॉटकडे गेले. त्याचा प्रश्न मात्र तिथेच जिन्यात राहिला.

आता थोडं तांत्रिक, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं गाणं ३ मिनिटं १२ सेकंदांचं, माझ्याच एका मित्राने लिहून गायलेलं, त्यामुळे परवानगीची भानगड नाही. टेम्पो १०० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १०० बीट्स (ठोके). आम्ही शूट करतो सेकंदाला २५ फ्रेम्सवर (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र), म्हणजे एक बीट बरोबर १५ फ्रेम्सची, चार बीट्सचा एक बार २.४ सेकंदांचा, आणि अख्खं गाणं ८० बार, ४,८०० फ्रेम्स. हिशोब इतका सुंदर बसला की मला वाटलं नशीबच फळफळलं. शेवटच्या कडव्यात मला स्लो मोशन हवं होतं, पण ओठ गाण्याशी जुळलेले. त्याची एक जुनी युक्ती आहे : सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, कलाकाराने त्या वेगात ओठ हलवायचे, ५० फ्रेम्सवर शूट करायचं आणि नंतर २५ वर चालवायचं. मग केस, कपडे, हात सगळं संथ होतं आणि ओठ मात्र मूळ गाण्यावर बरोबर बसतात.

पण गाणं असं सरळ दुप्पट वेगाने वाजवलं की आवाज एका सप्तकाने वर चढतो. माझ्या मित्राचा चांगला भारदस्त आवाज एकदम लहान मुलासारखा ऐकू यायला लागला. बाकीची मंडळी खो खो हसायला लागली. भाऊ गप्प झाला. एक टेक, दोन टेक, त्याचे ओठ हलेनात. मी ओरडले त्याच्यावर, वेळ जात होता.

मग पाणी प्यायला म्हणून तो बाजूला आला आणि हळूच म्हणाला, "ताई, माझा आवाज असा होता."

तो गायचा. मला माहीत होतं आणि मी विसरले होते. घरातल्या प्रत्येक कार्यक्रमात त्याला उभं करायचो आम्ही. मग आवाज फुटला, सूर घसरायला लागला, कुणीतरी हसलं असेल, आणि त्याने गाणं सोडलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याने फोन काढून मला एक क्लिप ऐकवली. तो १२ वर्षांचा असतानाची, जेमतेम ४० सेकंदांची. म्हणाला, मी जिन्यात बसून हेच ऐकतो, घरात ऐकलं की सगळे म्हणतात सारखा काय तो फोन.

सगळे म्हणतात. मीही म्हटलंय. दहा वेळा.

त्या रात्री मी शॉट १४ ची ओळ खोडली आणि नवीन लिहिली. आणि आज मला सांगण्यात आलं की यात तरुणाई नाही.

नाही?? सोळा वर्षांचा मुलगा स्वतःचा गेलेला आवाज ऐकत बसलाय, याच्याहून तरुण गोष्ट कुठली असते? ही गोष्ट तिशीत होत नाही, पन्नाशीत होत नाही. ती त्याच वयात होते. पण त्यात गाडी नाही, धूर नाही, कुणी कुणाला ढकलत नाही, म्हणून ती मोजायची नाही!

मला या 'एनर्जी' शब्दाचाच वैताग आलाय. तरुणांच्या संस्कृतीचा अभ्यासक डिक हेब्डिजने १९८८ मध्येच लिहून ठेवलंय की तरुण दोनच रूपांत दाखवले जातात : एक तर कटकट म्हणून, नाही तर मजा म्हणून. बातमीत कटकट, जाहिरातीत मजा. तेव्हापासून कॅमेरे बदलले, टेप जाऊन कार्ड आलं, एडिटिंग खिशात आलं, आणि आपण अजून त्याच दोन खुर्च्यांवर आलटून पालटून बसतोय. सरांनी आज मला पर्याय तरी काय दिले? पार्टी नाही तर भांडण. बघा ना. पुस्तकातली दोन्ही रूपं एका वाक्यात.

कटकटवालं रूप कसं तयार होतं हे तर आम्हाला याच वर्गात शिकवलं! १९६४ चा ईस्टर, इंग्लंडमधलं क्लॅक्टन नावाचं समुद्रकाठचं गाव. थंडी, पाऊस, सुट्टीला आलेली आणि कंटाळलेली पोरं. थोडी मारामारी झाली, काही काचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी असं चित्र रंगवलं की जणू गावावर हल्लाच झाला. समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेनने १९७२ च्या पुस्तकात तेच उलगडलंय, की आधी बातमी फुगते, मग भीती फुगते, मग पोलीस आणि कोर्टं त्या भीतीप्रमाणे वागायला लागतात, आणि शेवटी पोरंही त्या चित्रासारखी वागायला लागतात. हे परीक्षेत लिहिलं तर पूर्ण मार्क. हेच लक्षात ठेवून स्टोरीबोर्ड केला तर 'एनर्जी वाढव'.

बरं, मान्य करते, पार्टी करणारी पोरंही खरीच असतात. मीही नाचते. नाचणं खोटं आहे असं मी म्हणत नाहीये.

आणि हेही मान्य की व्हिडिओ हा काही माहितीपट नाही. त्याने गाणं विकायचं असतं. पहिल्या काही सेकंदांत नजर धरली नाही तर माणूस पुढे सरकतो, सरांचा हा मुद्दा चुकीचा नाही. पण मग नजर धरायला दुसरं काही सुचतच नाही का आपल्याला? म्युझिक व्हिडिओंचा अभ्यासक अँड्र्यू गुडविनने १९९२ मध्ये सांगितलंय की दृश्यं गाण्याच्या शब्दांशी तीन प्रकारे वागू शकतात : जे गायलंय तेच दाखवायचं, त्यात भर घालून ते वाढवायचं, किंवा त्याच्याशी मुद्दाम फारकत घ्यायची. आमच्या गाण्याचे शब्द निघून जाण्याबद्दल आहेत, घर सोडून जाण्याबद्दल. मी बॅग भरणारा मुलगा दाखवू शकले असते. पहिल्या ड्राफ्टमध्ये बॅगच होती. आता मुलगा कुठेच जात नाही, त्याच्यातूनच काहीतरी निघून गेलंय. गाण्याला त्यामुळे जागा मिळते की नाही? मित्राने नवीन स्टोरीबोर्ड बघितला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग एवढंच म्हणाला, "मला वाटलं नव्हतं मी हे लिहिलंय."

आणि मुलींचं तर बोलूच नका. माझ्या व्हिडिओत एक मुलगी आहे, ती खोलीत एकटी बसून डायरीच्या पानांवर पेन्सिलने मार्जिन आखते. सरांचा प्रश्न, "ही कुणाची वाट बघतेय?" कुणाचीच नाही हो! तिला मार्जिन आखायचंय! अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात हेच विचारलं होतं, की तरुणांच्या संस्कृतीवर एवढे अभ्यास होतायत, सगळे रस्त्यावरच्या पोरांवर, मग मुली कुठे आहेत? त्या त्यांच्या खोल्यांमध्ये होत्या. गाणी ऐकत, मैत्रिणींशी बोलत, भिंतीवर चित्रं लावत. अभ्यास करणाऱ्यांनी तिकडे बघितलंच नव्हतं. आजही मुलगी एकटी दिसली की लगेच कुणीतरी येणार असतं.

थोडी शांत झालेय आता. चहा घेऊन आले.

सरांबद्दल मी वरती जे लिहिलं ते खोडत नाहीये, पण एक सांगायला हवं. त्यांनी माझी फाइल नीट वाचली होती. शॉट २२ च्या खाली पेन्सिलने लिहिलंय, 'दुप्पट वेगाच्या प्लेबॅकला क्लॅप वेगळी घे, नाहीतर सिंकला रडशील.' (क्लॅप म्हणजे टेकच्या सुरुवातीला वाजवायची पाटी, तिच्यावरून आवाज आणि चित्र जुळवतात, तेच सिंक.) ज्याला काळजी नाही तो असं लिहीत नाही. आणि संमतीपत्रावर भावाच्या सहीबरोबर मामीची सही आहे ना हे त्यांनी आधी तपासलं, कारण तो १८ चा नाही. माणूस वाईट नाही. त्यांच्या डोळ्यांना तरुण म्हणून जे दाखवलं गेलंय, तेच ते शोधतायत माझ्या पानांवर. माझ्या हाताने तरी पहिल्यांदा दुसरं काय लिहिलं होतं?

म्हणूनच मला वाटतं की चित्रणाचा अभ्यास निबंधात होत नाही, तो शॉट लिस्टच्या त्या एका रकान्यात होतो जिथे आपण घाईत लिहितो 'तरुण, अमुक करताना'. शूटच्या दिवशी उशीर झालेला असतो. उजेड जात असतो, बॅटरी संपत असते, कुणाला तरी घरी जायचं असतं. तेव्हा कागदावर जे असेल तेच शूट होतं. कागदावर 'फोनमध्ये डोकं' असेल तर पडद्यावर फोनमध्ये डोकंच येणार, आणि बघणारी प्रत्येक आई म्हणणार, बघ, आमचा पण असाच.

माझ्या वर्गातल्या सगळ्यांना खरंच विनंती आहे. तुमच्या कलाकाराला विचारू द्या, "मी काय बघतोय?" आणि उत्तर नसेल तर मी केलं तसं "काहीही बघ" म्हणू नका. मला अजून लाज वाटते त्या दोन शब्दांची. त्याने विचारलं तेव्हा त्याच्या हातात ती क्लिप होती. तेव्हाच सांगितलं असतं त्याने, मी थांबले असते तर. त्यासाठी एका फसलेल्या टेकची वाट बघावी लागली.

एक गोष्ट मला अजून ठरवता आलेली नाही. त्याची ती क्लिप व्हिडिओत ऐकवायची की नाही? तो म्हणाला, "ऐकव, मला चालेल." पण १६ व्या वर्षी चालेल म्हटलेलं २० व्या वर्षी चालेलच असं नाही, आणि एकदा अपलोड झालं की ते परत घेता येत नाही. सध्या तरी ठरवलंय की आवाज त्याच्या कानातच ठेवायचा. आपल्याला फक्त त्याचा चेहरा दिसेल, आणि वरून गाणं चालू राहील. कुणाला काही कळेल, कुणाला नाही. सरांना कळलं नाही, तसंच अजून काहींना नाही कळणार. हे मला टोचतं, खोटं कशाला बोलू. पण ती क्लिप त्याची आहे.

आत्ता ही पोस्ट त्याला पाठवली होती वाचायला. एकच दुरुस्ती सुचवली त्याने : "१२ नाही ताई, साडेअकरा." वर तसंच राहू देते, इथे दुरुस्त करते.

उद्या फाइल परत द्यायचीय. बाकी बऱ्याच गोष्टी बदलल्यात मी, सरांचं ऐकून सुरुवातीचे पहिले चार बार जास्त वेगाने कापलेत, ते खरंच चांगले झालेत. शॉट १४ साठी त्यांनी जास्तीत जास्त एक बार सुचवला होता. मी चार ठेवलेत. ९.६ सेकंद, एकही कट नाही.