द्रुत सुरू झालं की कात्री!

तोडी रागाचा विलंबित, म्हणजे संथ, ख्याल संपतो, गाणाऱ्या बाई द्रुत, म्हणजे जलद, बंदिश धरतात, तबलजी ठेका उचलतो आणि नेमका त्याच क्षणी आवाज उतरवून खतांची जाहिरात! आमच्या स्थानिक आकाशवाणी केंद्राचा हा रोजचा उद्योग. गाणाऱ्याचं नाव नाही, रागाचं नाही, साथीदारांचं तर विसराच. अहो, पूर्वीचे निवेदक 'तबल्यावर अमुक, संवादिनीवर तमुक' असं निगुतीनं सांगायचे, त्यावर आमच्यासारख्यांचं अर्धं शिक्षण झालं. आता शास्त्रीय संगीत म्हणजे दोन कार्यक्रमांमधली फट बुजवायला कोंबलेला बोळा. परवा रात्री साडेनऊला भटियार हा पहाटेचा राग लावला. भटियार! झोपायच्या वेळी!

एके काळी याच देशात रेडिओवाल्यांचे कान इतके तिखट होते की पेटीचे ठरीव सूर आपल्या रागांना चालत नाहीत म्हणून १९४० साली तिला चक्क बाहेर काढलं, आणि तीसेक वर्षं बंदी ठेवली. पुढे माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांनी सिनेमाची गाणी हद्दपार केली, लोक रेडिओ सिलोन लावू लागले, शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. तो सोवळेपणा मलाही नको. पण त्याच केसकरांच्या काळात, १९५२ साली, संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि तिकीट काढून मैफलीला जाणं ज्यांना कधी परवडलं नसतं त्यांच्या घरात मोठमोठे गवई शनिवारी रात्री येऊन गायले. सोवळं गेलं ते बरंच झालं, पण कानही सोबत गेले का?

तक्रार केली की उत्तर तयार: 'अ‍ॅपवर आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची रागम वाहिनी आहे ना, चोवीस तास.' आहे, २०१६ पासून आहे, मीही ऐकतो. पण अ‍ॅप उघडायला आधी ऐकायची इच्छा लागते. रेडिओवरचा मारवा राग संध्याकाळी भाजी निवडणाऱ्या माणसाच्या कानावर न विचारता पडायचा, त्यातूनच तर श्रोते घडले! आणि आमच्या जिल्ह्यातल्या पोरांचं काय? रियाझ करून, आकाशवाणीची ऑडिशन देऊन कलाकाराची 'बी' ग्रेड मिळवायची आणि मग ध्वनिमुद्रणाच्या बोलावण्याची वाट बघत बसायचं. बोलावलंच, तर प्रसारण कधी? जग साखरझोपेत असताना.

वर म्हणे श्रोतेच उरले नाहीत! अवेळी लावता, अर्ध्यावर तोडता, कोण गातंय ते सांगत नाही, मग थांबेल कोण, भिंती?

गेल्या आठवड्यात न राहवून फोनवरच्या फर्माइशीत नंबर लावला. मालिनीबाई राजूरकर म्हणजे टप्पा या शास्त्रीय गानप्रकारातल्या दिग्गज गायिका. म्हटलं, मालिनीबाईंचा एखादा टप्पा ऐकवा. पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "कुठल्या पिक्चरमधला, सर?"