हिजिकातांना अहोच म्हणायचं

परवा रात्री दुधाला विरजण लावलं आणि ओट्यावरच पोह्यांच्या डब्याला टेकवून निन्टेन्डो स्विच, म्हणजे हातात धरायचं गेमचं यंत्र, चालू केलं. पाणी प्यायला आलेल्या वन्संनी पडद्याकडे पाहिलं. किमोनो, लांब केस, कपाळावर कायमची आठी असलेला एक तरुण.

"वहिनी, हे काय कार्टून लावलंय?"

"कार्टून नाही हो वन्सं. शिन्सेनगुमीचे उपप्रमुख आहेत ते."

मग सगळं सांगावं लागलं. म्हणजे हा ओतोमे गेम. ओतोमे म्हणजे कुमारिका, तरुण मुलगी. बायकांसाठी केलेला जपानी खेळ. गोष्ट वाचत जायची, मध्येमध्ये दोन-तीन पर्याय येतात, त्यातला एक निवडायचा आणि चार-सहा पुरुषांपैकी एकाच्या वाटेला लागायचं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "या वयात?"

मी ४६ वर्षांची आहे. दिवाळी अंकातली प्रेमकथा मी या वयात वाचली तर कोणी भुवई उंचावत नाही. यातही वाचायचंच असतं, तासन्‌तास, बहुतेक वेळ नुसतं वाचायचं. फक्त चित्रातला माणूस बोलतो आणि मग थांबतो. 'आता तू सांग' म्हणून. मी भाजी ढवळून येईपर्यंत थांबतो. बावीस वर्षांच्या संसारात मी बोलायची वाट बघत इतका वेळ कोणी थांबलेलं मला तरी आठवत नाही. (नवरा ही पोस्ट वाचणार आहे. वाचू दे.)

लोकांना वाटतं हे खेळ म्हणजे देखण्या चेहऱ्यांचा बाजार. चेहरे देखणे असतातच, नाही कशाला म्हणू? पण दोन दिवसांत त्यांची सवय होते. माणूस अडकतो तो बोलण्यात.

या प्रकाराची सुरुवात बायकांनीच केली. 'नोबुनागाज अँबिशन'सारखे लढायांचे खेळ काढणारी कोएई कंपनी केइको एरिकावा आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून काढलेली. एरिकावाबाईंनी तिथे फक्त बायकांचा 'रुबी पार्टी' नावाचा गट उभा केला आणि त्या गटाने १९९४ साली 'आंजेलिक' आणला. त्यात नायिका विश्वाची राणी व्हायच्या शर्यतीत असते, समोर एक प्रतिस्पर्धी मुलगी आणि आजूबाजूला नऊ रक्षक. एखाद्या रक्षकाच्या प्रेमात पडलीस तर सिंहासन सोडायचं. पहिल्याच खेळात हा पेच! ज्या बायकांनी हा पेच रचला, त्या सकाळी डबे भरून ऑफिसला जात असणार असं मला उगीच वाटतं.

मी मात्र अडकले 'हाकुओकी'त. २००८ चा मूळ खेळ, गोष्ट १८६३ च्या अखेरीस सुरू होते. म्हणजे आपल्याकडचं सत्तावन्न होऊन सहा वर्षं झालेली. चिझुरू नावाची मुलगी हरवलेल्या डॉक्टर बापाला शोधायला मुलाच्या वेशात क्योतोत येते आणि शिन्सेनगुमीच्या, म्हणजे शोगुनच्या (तिथल्या लष्करी सत्ताधीशाच्या) बाजूने शहराचा बंदोबस्त ठेवणाऱ्या तलवारबाजांच्या, हाती लागते. ही माणसं खरी होऊन गेलेली. उपप्रमुख हिजिकाता तोशिझो गावोगाव घरचं औषध विकत फिरायचा, टोपणनावाने हायकू लिहायचा आणि १८६९ मध्ये हाकोदातेच्या लढाईत मारला गेला. त्याच्या हायकूंवरून खेळातही त्याची टर उडवतात. या टोळीचं काय होणार हे आधीच माहीत असतं, तरी आपण पर्याय निवडत बसतो. पानिपताची गोष्ट वाचताना जीव जसा वरखाली होतो, तसंच.

त्यात एक औषध आहे. ते प्यायलं की केस पांढरे, डोळे लाल आणि रक्ताची तहान. अशा माणसांना जपानीत म्हणतात 'रासेत्सु'. इंग्रजी सबटायटलवाल्याने त्याचं 'फ्युरी' करून टाकलंय. मी कानाने ऐकत होते, रासेत्सु, रासेत्सु, आणि एकदम ट्यूब पेटली. अहो, हा तर आपला राक्षस! बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे चालत तिकडे गेलेला. इंग्रजी वाचत बसले म्हणून घरचा माणूस ओळखू आला नव्हता.

तेव्हापासून मी सबटायटलवर कमी आणि कानावर जास्त विसंबते. मला जपानी येत नाही, पण वाक्याची बांधणी आपल्यासारखी आहे एवढं कळतं. क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही शेवटी. 'मी तुला सोडून जाणार' इथपर्यंत येऊन मराठी माणूस श्वास घेऊ शकतो आणि मग म्हणू शकतो, 'नाही.' जपानी नटही नेमका तिथेच थांबतो. हिजिकाताला आवाज शिनइचिरो मिकीचा आहे, आणि हा माणूस शेवटच्या दोन अक्षरांसाठी असा ताटकळत ठेवतो की हातातली पळी तशीच राहते. इंग्रजीत ते 'नाही' आधीच खाली छापून आलेलं असतं. सगळी मजा जाते.

दुसरं म्हणजे 'सान', नावामागे आदराने लावतात तो शब्द. सुरुवातीला हिजिकाता चिझुरूला नुसतं 'ओमाए' म्हणतो, म्हणजे दरडावणीचं 'तू'. ती त्याला 'हिजिकाता-सान'. पुढे रक्त सांडतं, एडो (आजचं तोक्यो) सुटतं, एकमेकांवाचून राहवत नाही हे दोघांनी कबूल करून होतं, तरी तिचं 'सान' सुटत नाही. इंग्रजीत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच 'यू'. मराठीत मात्र इथे निर्णय घ्यावा लागतो. अहो की अरे?

सगळंच गोड आहे असं नाही. 'अम्नेशिया' नावाच्या दुसऱ्या खेळात तोमा नावाचा बालमित्र नायिकेला पिंजऱ्यात ठेवतो. अलंकारिक नाही, खराखुरा पिंजरा, कुत्र्याचा. बाहेर तुला धोका आहे, तुझ्या भल्यासाठीच ठेवलंय, हे समजावतानाचा आवाज इतका मऊ की अंगावर काटा आला. आणि त्या वाटेच्या चांगल्या शेवटात ती त्याच्याचबरोबर राहते! मला 'पोलीस बोलव' असा पर्याय हवा होता. पर्याय तीन, तिन्ही मिळमिळीत. या खेळांवरचा माझा खरा राग हाच. पुरुषांसाठी पानंच्या पानं संवाद, आणि बाईला उत्तर द्यायला 'मला माफ करा', 'मी प्रयत्न करीन' आणि 'गप्प राहा'. 'कॉलर बाय मॅलिस' त्यातल्या त्यात बरा. त्यातली इचिका शिंजुकूची पोलीस आहे, गळ्यात विषाचा पट्टा अडकवलेला असताना तपास करते आणि वेळ आली की बंदूकही रोखते.

मोबाइलवरचा कोरियन 'मिस्टिक मेसेंजर' मात्र चार दिवसांत काढून टाकला. त्यातले पुरुष घड्याळाप्रमाणे गप्पांना येतात, पहाटे तीनलासुद्धा, आणि तुम्ही झोपलात तर गप्पा हुकतात. अवेळी उठवणारी माणसं घरात पुरेशी आहेत.

तर वन्सं झोपायला गेल्या आणि भाची येऊन बसली. तिला इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून मी मोठ्याने मराठीत सांगत गेले. ती म्हणाली, "मामी, तू चिझुरूला अहो-जाहो करायला का लावतेस? आता प्रेम आहे ना त्यांचं?"

मी म्हटलं, ती 'सान' म्हणतेय, ऐक. ती म्हणाली, सान म्हणजे नुसतं जी. साडेबारापर्यंत यावर वाद. माझी आई बाबांना शेवटपर्यंत अहो म्हणाली, मी नवऱ्याला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारते, आणि तरी हिजिकातांना अरे म्हणायला माझी जीभ रेटेना. त्या अहोमध्ये धाक नाही, चिझुरूने स्वतःच्या हाताने राखलेलं काहीतरी आहे. भाचीला हे पटलं नाही.

सकाळी उठून बघते तर तिने नवीन सेव्ह करून शिन्सेनगुमीतल्याच ओकिता सोजीची वाट धरलेली. उठसूट 'कापून टाकीन' म्हणून हसणारा तो.

"मामी, याला अरे चालेल?"

चहा गाळता गाळता मी जरा विचार केला. ओकिताला चालेल.